पेरलेल्या गवताचा पहिला उन्हाळा



गणेशचतुर्थीच्या दिवशीं आपल्या घरीं ज्या दूर्वा एकवीस एकवीस मोजून देवाला वाहिल्या जातात, त्यांनाच आपला शेतकरी हरळी म्हणतो आणि तिचें नांव काढतांच कपाळाला हात लावतो. नांगरानें तिचे तुकडे करावे, तर प्रत्येक तुकड्याला नवा कोंभ फुटतो; उपटून बांधावर टाकावी, तर पहिल्या पावसाबरोबर ती बांधावरून पुन्हां शेतांत उतरते. परंतु अमेरिकेच्या दक्षिण भागांत हीच हरळी गुरांच्या चाऱ्यासाठीं मुद्दाम लावतात. जॉर्जिया संस्थानांतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन या संशोधकानें संकर करून तयार केलेली 'कोस्टल' नांवाची तिची जात इ. स. १९४३ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आली, आणि पुढें तिनें लाखों एकर कुरणें व्यापलीं. तेथून थोडें उत्तरेस जावें, तर आपल्या शेतांत अमेरिकेचीं मूळचीं गवतें पेरूं पाहणारा शेतकरी या हरळीलाच मोठा शत्रु समजतो. वनस्पति एकच, पण देव्हाऱ्यांत ती पूजाद्रव्य, आपल्या शेतांत तण, आणि परदेशीं एके ठिकाणीं पीक व दुसऱ्या ठिकाणीं पुन्हां तण!

तेव्हां तण ही वनस्पतींची कांहीं निराळी जात नव्हे. आपणांस जें हवें आहे त्याच्या जागीं जें नको तें उगवलें, म्हणजे त्याला आपण तण म्हणतों. ज्वारींतलें तण बाईला खुरप्यानें वेंचून काढतां येतें, कारण ज्वारी कोणती आणि तण कोणतें हें तिला दुरून दिसतें. परंतु जेथें पेरलेलें पीक गवत आणि त्यांत माजणारें तणहि बहुतांशीं गवतच, तेथें काय करावें? अशाच एका कामाची, आणि त्यांत मीं स्वतः केलेल्या चुकांची, हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

गवत पेरावें लागतें, हीच गोष्ट शहरांत राहणाऱ्या पुष्कळांना नवलाची वाटेल. आपल्याकडे पहिला पाऊस पडला कीं डोंगर आपोआप हिरवे होतात. पण आपल्या घरीं येणारें दूध शेवटीं चाऱ्यांतूनच येतें, आणि ज्या देशांत गुरें वर्षाचा बहुतेक काळ मोकळ्या कुरणांत चरतात, त्या देशांत कुरण हें पिकाइतकेंच विचारपूर्वक तयार करावें लागतें. अमेरिकेंतील मिसूरी, केन्टकी, टेनेसी या संस्थानांत तर हा प्रश्न मोठाच आहे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. तेथला उन्हाळा म्हणजे आपला कोरडा वैशाख नव्हे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेथें ऊनहि पडतें आणि पाऊसहि पडतो. आपला चैत्र आणि आपला श्रावण एकत्र केल्यासारखे ते दिवस असतात.

गवतांचे ऋतुमानाप्रमाणें दोन वर्ग पडतात. एक शीतऋतूचीं गवतें. तीं वसंतांत व शरदांत भरभरून वाढतात आणि कडक उन्हाळ्यांत मरगळतात. दुसरा वर्ग उष्णऋतूच्या गवतांचा. तीस-पस्तीस अंश सेंटिग्रेडच्या उष्म्यांत, जेव्हां पहिल्या वर्गाची वाढ खुंटते, तेव्हां हीं गवतें जोमानें वाढूं लागतात. याचें कारण त्यांच्या पानांच्या रचनेंत व त्यांत चालणाऱ्या रसायनक्रियेंत आहे. हवेंतील कर्बवायु घेऊन त्यापासून चार कर्बाणूंचा पदार्थ प्रथम बनविण्याची एक खास रीत यांच्यापाशीं असते, आणि त्या रीतीमुळें उष्म्यांत त्यांचें कर्बवायूचें व पाण्याचें नुकसान कमी होतें. ऑस्ट्रेलियांतील हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनीं ही रीत इ. स. १९६६ सालीं विशद केली, आणि तीहि उसाच्या पानांवर प्रयोग करून. आपला ऊस, आपली ज्वारी, आपला मका हीं सारीं याच वर्गांतलीं. अमेरिकेच्या मध्यभागांतील विस्तीर्ण गवताळ मैदानांत जीं माणसाच्या उंचीचीं गवतें पूर्वीं डोलत असत, तीं 'बिग ब्लूस्टेम' आणि 'इंडियनग्रास' हीं ज्वारी-उसाचीं जवळचीं नातलगें होत. 'स्विचग्रास' हें त्यांच्याच सोबतीनें वाढणारें तिसरें गवत. नांगराखालीं तीं मैदानें गेलीं, आणि हीं गवतें ओढ्यांच्या कडेला, रेल्वेच्या बाजूला, स्मशानांच्या आवारांत तेवढीं उरलीं.

त्यांच्या जागीं जें गवत आलें, त्याचें नांव टॉल फेस्क्यू. केन्टकी संस्थानांतील मेनिफी परगण्यांत एका डोंगरउतारावर तें हिंवाळ्यांतहि हिरवें राहिलेलें इ. स. १९३१ सालीं एका प्राध्यापकाच्या दृष्टीस पडलें. १९४३ मध्यें 'केन्टकी ३१' या नांवानें त्याचें बीं शेतकऱ्यांना मिळूं लागलें, आणि पाहतां पाहतां तें कोट्यवधि एकरांवर पसरलें. पायदळीं तुडविलें तरी न मरणारें, रोगाला न जुमानणारें असें हें गवत. पण तें खाणारीं गुरें उन्हाळ्यांत धापा टाकीत, दिवसदिवस तळ्यांत उभीं राहत, त्यांचें वजन वाढेना, दूध आटे. त्याचें कारण १९७७ सालीं उमगलें. या गवताच्या आंत एक सूक्ष्म बुरशी राहते. ती गवताला चिवटपणा देते आणि त्याबरोबरच गुराच्या रक्तवाहिन्या आकसविणारीं विषारी द्रव्येंहि निर्माण करते. तेव्हांपासून समंजस शेतकरी असा विचार करूं लागला कीं, आपल्या शेतांतील कांहीं भाग तरी पुन्हां जुन्या उष्णऋतूच्या गवताखालीं आणावा, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्यें गुरांना निर्दोष चारा मिळेल.

विचार चांगला; पण तो अमलांत आणणें अवघड. इ. स. २००९ सालीं मी विद्यार्थी म्हणून मिसूरीच्या दक्षिण भागांत एका शेतकरी कुटुंबांत कांहीं महिने राहिलों होतों, आणि नंतरहि तेथें माझें जाणेंयेणें राहिलें. साठीच्या घरांतलें तें दांपत्य. तो शेत पाही, आणि बाई हिशेबाची वही पाहत. आपल्या जमिनीपैकीं बारा एकर फेस्क्यू काढून तेथें हीं जुनीं गवतें पेरण्याचें त्यांनीं ठरविलें होतें. शास्त्र शिकलेला पोरगा घरांत आहे, म्हणून माझा सल्ला घेतला जाई, आणि तो देण्याची मला हौसहि होती.

या गवतांचा स्वभाव असा आहे कीं, त्यांचें रोपटें पहिल्या वर्षीं वर वाढत नाहीं, तें खालीं वाढतें. वर चार बोटें पातें दिसतें, आणि जमिनींत मूळ हातहातभर उतरलेलें असतें. दुष्काळांत टिकण्याच्या दृष्टीनें ही बुद्धि शहाणपणाची. पण पहिल्या उन्हाळ्यांत तिची किंमत द्यावी लागते. भोंवतालचें तण चार आठवड्यांत गुडघाभर होतें आणि रोपट्यावरचें ऊन अडवितें. उष्णऋतूच्या गवताला सारें कांहीं सोसतें, सांवली मात्र सोसत नाहीं. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत त्याला ऊन मिळालें तर तें जगलें. न मिळालें तर गेलें. सारा प्रश्न या थोड्या आठवड्यांच्या उन्हाचा असतो.

मग नांगरून, कुळवून आधींच सारें तण कां काढूं नये? याला उत्तर एका जुन्या प्रयोगांत आहे. मिशिगनच्या कृषिमहाविद्यालयांत विल्यम बील नांवाच्या प्राध्यापकांनीं इ. स. १८७९ सालीं तणांचें बीं वाळूंत मिसळून वीस बाटल्यांत भरलें आणि त्या बाटल्या जमिनींत पुरून ठेवल्या. ठराविक वर्षांनीं एकेक बाटली उकरावयाची आणि त्यांतलें कोणतें बीं अजून रुजतें हें पाहावयाचें. अशी एक बाटली २०२१ सालीं, म्हणजे १४१ वर्षांनीं उकरली, तेव्हां त्यांतलेंहि कांहीं बीं उगवलें! जमीन ही अशी तणाची बँक आहे. नांगराचा प्रत्येक फेरा खालचें बीं वर आणतो, त्याला ऊन दाखवितो, आणि तें उगवतें. शिवाय सैल झालेल्या जमिनींत या गवताचें बारीक बीं खोल जातें. तें पाव ते अर्ध्या इंचाहून खालीं गेलें तर त्याचा कोंभ वर पोंचतच नाहीं. म्हणून तेथले जाणते लोक जमीन न नांगरतां, जुनें गवत जागच्या जागीं मारून, त्याच्या वाळलेल्या थरांतूनच खास पाभरीनें पेरणी करतात. जुनें गवत जागच्या जागीं मारावयाचें म्हणजे तणनाशक औषध आलेंच.

या औषधांचीं कामें तीन, आणि तीन कामांचीं औषधें निराळीं. पहिलें काम पेरणीपूर्वींचें: उभें फेस्क्यू समूळ मारणें. त्यासाठीं ग्लायफोसेट वापरतात. अमेरिकेंत जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञानें १९७० सालीं याचा तणनाशक गुण शोधून काढला आणि १९७४ पासून तें बाजारांत आलें. वनस्पतींना आपल्या वाढीला लागणारीं कांहीं अमिनो आम्लें स्वतः बनवावीं लागतात. तीं बनविणारें एक विकर हें द्रव्य बंद पाडतें. पानावर पडलेलें औषध मुळापर्यंत उतरतें, आणि जमिनीवर पडलेलें मातीच्या कणांना चिकटून निष्प्रभ होतें, म्हणून मागाहून पेरलेल्या बियांना त्याची बाधा होत नाहीं. फेस्क्यूवर हें शरदांत फवारणें उत्तम, कारण त्या दिवसांत गवत आपलें अन्न हिंवाळ्यासाठीं मुळाकडे नेत असतें, आणि अन्नाबरोबर विषहि मुळाकडे जातें. तरीहि कांहीं ठोंब वांचतात. म्हणून वसंतांत दुसरी फवारणी करावी लागते. आमच्या शेतकऱ्यानें गुरें चारून गवत आंखूड केलें, त्याला पुन्हां वीतभर हिरवें होऊं दिलें आणि मग फवारलें. हिरवें पान नसेल तर औषध शिरणार कोठून? 

दुसरें काम पेरणीच्या वेळचें: जमिनीच्या वरच्या थरांत असें औषध ठेवणें कीं, उगवणारें तण मरावें आणि पेरलेलें गवत वांचावें. हें सर्वांत नाजूक. अ‍ॅट्राझीन नांवाचें द्रव्य पानांतील प्रकाशाचें काम बंद पाडतें. पण मका, ज्वारी आणि त्यांच्याप्रमाणें बिग ब्लूस्टेम व स्विचग्रास हीं त्या द्रव्याला आपल्या शरीरांत दुसऱ्या एका पदार्थाशीं जोडून निर्विष करून टाकतात. इंडियनग्रासच्या कोंवळ्या रोपट्याला मात्र हें तितकेंसें साधत नाहीं. इमाझापिक नांवाचें दुसरें द्रव्य आहे. तें ब्लूस्टेम व इंडियनग्रास दोघांनाहि सोसतें, पण स्विचग्रासला मारक ठरतें. म्हणजे एकाला जें अमृत तें दुसऱ्याला विष. तीनहि गवतें मिसळून पेरावयाचीं असतील, तर या दोहोंपैकीं कोणतेंहि औषध निर्धास्तपणें वापरतां येत नाहीं. म्हणून बियाण्याचें मिश्रण ठरवितांना औषधाचा विचार आधींच करावा लागतो.

आतां माझी पहिली चूक. आमच्या शेतकऱ्यानें आणलेल्या पोत्यांत तीनहि गवतांचें बीं होतें. तें पोत्यावर छापलेलें होतें. इमाझापिकच्या पत्रकांत स्विचग्रासविषयीं इशारा होता. तोहि छापलेला होता. मीं पोतें वाचलें आणि पत्रकहि वाचलें, पण दोन्ही समोरासमोर ठेवून वाचलें नाहीं. "हें चालेल," असें मीं सांगितलें. मे महिन्याच्या मध्यास पेरणी झाली, फवारणीहि झाली, आणि त्या बारा एकरांत स्विचग्रासचें एकहि रोप पुढें उभें राहिलें नाहीं. चूक ध्यानांत आली तेव्हां मीं ती कबूल केली. शेतकरी कांहीं बोलला नाहीं. बाईंनीं मात्र त्या बियाण्याच्या रकमेखालीं वहींत एक रेघ ओढली, आणि ती रेघ आजहि माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तिसरें काम उगवणीनंतरचें: रुंद पानांच्या तणाचा बंदोबस्त. १९४० नंतरच्या दशकांत पुढें आलेलें २,४-डी हें औषध वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकाचें सोंग घेतें. रुंद पानाचें तण त्यानें वेडेंवांकडें वाढून मरतें, आणि चार-पांच पानांवर आलेलें गवत बहुधा सुखरूप राहतें. पण हें औषध वाऱ्यावर उडतें. द्राक्ष, टोमॅटो, कापूस, तंबाखू यांना त्याचा नुसता वारा लागला तरी पानें वळतात. आणि मधमाश्यांसाठीं कोणी गवताबरोबर रानफुलांचें किंवा द्विदल वैरणीचें बीं पेरलें असेल, तर त्याला हें औषध वर्ज्यच समजावें.

जुलैच्या सुरुवातीस आमच्या शेतांत रॅगवीड माजलें. हें आपल्या गाजरगवताचें नातलग. त्याच्या परागानें तेथल्या लोकांना शिंका आणि दमा होतो. इमाझापिकनें बारीक गवताचें तण बरेंचसें आवरलें होतें, पण रॅगवीडनें त्याला दाद दिली नव्हती. बांधावरून पाहावें, तर सारें शेत त्याच रोपांनीं भरलेलें. पेरलेल्या गवताचें पातेंहि दिसेना. येथें माझी दुसरी चूक. मीं शेतकऱ्यास सांगितलें कीं, पेरणी फसली. आतां सारें फवारून टाकावें आणि पुढच्या वर्षीं नव्यानें पेरावें. बाई म्हणाल्या, "बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा कोठून आणावयाचे? त्यापेक्षां फेस्क्यू काय वाईट होतें?" बारा एकरांच्या त्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं परगण्याचे वृद्ध कृषि-सल्लागार आले. त्यांच्या गाडींत तारेच्या जाळीची एक चौकट होती. पांच आडव्या, पांच उभ्या, अशा पंचवीस घरांची. ती त्यांनीं शेतांत कोठेंहि टाकली, गुडघे टेकून बसले, हातांनीं रॅगवीड बाजूला सारलें आणि ज्या ज्या घरांत पेरलेल्या गवताचें एक तरी रोपटें सांपडलें तें तें घर मोजलें. असें चार वेळां केलें कीं शंभर घरें होतात. त्यांपैकीं पन्नास किंवा अधिक भरलीं, तर पेरणी उत्तम साधली. पंचवीसहून कमी भरलीं, तर पुन्हां पेरावें. मधला आंकडा आला, तर धीर धरावा. हा त्यांचा हिशेब होता. शेताच्या निरनिराळ्या भागांत आंकडा चाळिसाच्या आसपास भरला. मीं स्वतः बसून पाहिलें, तेव्हां तणाच्या बुडाशीं चार-चार बोटांचीं सरळ उभीं पातीं दिसूं लागलीं. एक उपटून पाहूं म्हटलें, तर तें येईना. वरचें पातें तुटलें आणि मूळ जमिनींतच राहिलें. बांधावर उभें राहून जें शेत मला मेलेलें वाटलें होतें, तें गुडघ्यावर बसल्यावर जिवंत निघालें.

आतां रॅगवीडचें काय करावयाचें? २,४-डी नें तें मेलें असतें; पण वाऱ्याच्या दिशेला शेजाऱ्याचा द्राक्षमळा होता. सल्लागारांनीं दुसराच उपाय सांगितला. कापणीचें यंत्र वीतभर उंचीवर लावावें आणि तणाचा फक्त शेंडा छाटावा, म्हणजे खालच्या रोपट्याला धक्का न लागतां ऊन मिळेल. त्या उन्हाळ्यांत अशी छाटणी दोनदां झाली. खत मात्र घालूं दिलें नाहीं. पहिल्या वर्षीं घातलेलें नत्र पेरलेल्या गवताला मिळत नाहीं, तें तणालाच पोसतें. गुरेंहि आंत सोडलीं नाहींत. पेरलें, पैसे खर्चिले, आणि सबंध वर्ष त्या बारा एकरांतून एक पेंढीहि चारा मिळाला नाहीं. अशा वेळीं स्वस्थ बसणें हें फवारणीपेक्षां कठीण असतें. पुष्कळांचीं शेतें तणानें मरत नाहींत. मालकाच्या अधीरपणानें मरतात.

येथवर ऐकून आपल्यापैकीं कोणाच्या मनांत असा प्रश्न आला असेल कीं, गुरांच्या चाऱ्यासाठीं जमिनींत विष घालणें योग्य आहे काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. अ‍ॅट्राझीन मातींतून पाझरून भूजलांत उतरतें, म्हणून युरोपीय संघानें २००४ सालीं त्याला मान्यता नाकारली. अमेरिकेंत मात्र तें निर्बंधांसह वापरांत राहिलें. ग्लायफोसेट मनुष्यांत बहुधा कर्करोगजनक असावें, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं म्हटलें. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याचा निष्कर्ष याच्या उलट आहे. आपल्या केंद्र सरकारनेंहि २०२२ सालीं अधिसूचना काढून त्याची फवारणी कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरती मर्यादित केली. शिवाय तणेंहि गप्प बसत नाहींत. एकच औषध वर्षानुवर्षें वापरलें, तर त्याला न मरणारे वंश मागें राहतात आणि तेच वाढतात. ग्लायफोसेटला दाद न देणारें हॉर्सवीड नांवाचें तण डेलावेअर संस्थानांत २००० सालीं आढळलें. आपल्या माठाच्या कुळांतलें पामर अमरंथ त्याहून उग्र निघालें. २०१६ मध्यें तर आयोवा संस्थानांत, रानगवतें व फुलें पेरून जमीन सुधारण्यासाठीं जीं बियाणीं आणलीं होतीं, त्यांतूनच हें पामर अमरंथ नव्या शेतांत शिरल्याचें दिसून आलें. तण घालविण्यासाठीं औषध आणावें आणि बियाण्याच्या पोत्यांतून तणच घरांत यावें, असा हा प्रकार!

तरीहि या औषधांच्या बाजूनें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. मका, कापूस यांसारख्या पिकांवर दरसाल फवारणी होते. कारण तेथें जमीन दरसाल उघडी पडते. या गवताची गोष्ट निराळी. एक-दोन हंगाम औषध पडतें, आणि गवत एकदां दाट झालें म्हणजे पुढें वर्षानुवर्षें तेंच तणाला ऊन मिळूं देत नाहीं. तेंच माती धरून ठेवतें, पाणी मुरवितें. पुढें नांगर नाहीं आणि औषधाचेंहि फारसें काम उरत नाहीं. ज्याला एवढें औषधहि नको, त्याला मार्ग आहेत. पण ते लांबचे आहेत. बाजरीसारखीं दाट वाढणारीं पिकें घेऊन जुनें गवत दडपावें, एक-दोन वर्षें जमीन तशी राखावी, मग पेरावें, आणि छाटणी अधिक वेळां करावी. त्यांत खर्च वेळेचा होतो. औषधाचा अर्थ मला तरी एवढाच उमगला आहे कीं, तें गवत वाढवीत नाहीं; तें आपणांस थोडा वेळ विकत देतें. तो वेळ कसा वापरावयाचा, हें औषधाच्या पत्रकांत लिहिलेलें नसतें.

त्या बारा एकरांचा शेवट सांगून आपली रजा घेतों. दुसऱ्या वसंतांत रॅगवीड पुन्हां उगवलें, पण या खेपेस ब्लूस्टेमची मुळें आधींच खोल होतीं. जूनच्या उन्हाबरोबर गवतानें उचल घेतली आणि तण मागें पडलें. तिसऱ्या वर्षीं ऑगस्टमध्यें मी पुन्हां गेलों, तेव्हां राखून ठेवलेल्या तुकड्यांतलें गवत माझ्या डोक्याहून उंच गेलें होतें, आणि त्याच्या लालसर तुऱ्यांतून पलीकडचें तळें दिसत नव्हतें. शेजारच्या तुकड्यांत गुरें भर दुपारीं चरत होतीं; तळ्यांत एकहि उभें नव्हतें. बाईंनीं मला वही दाखविली. स्विचग्रासच्या रकमेखालची रेघ तशीच होती. पण त्याच पानावर, खालीं, त्या उन्हाळ्यांत विकत घ्याव्या न लागलेल्या वैरणीची रक्कम त्यांनीं लिहून ठेवली होती. "बियाण्याचा खर्च अजून पुरता वळता झालेला नाहीं," त्या म्हणाल्या, "पण आणखी दोन उन्हाळे गवत असेंच राहिलें तर होईल." शेतकरी गुडघा टेकून खालीं बसला आणि गवताच्या बुडाशीं हात घालून जमीन चाचपूं लागला. त्याला पाहून मीहि खालीं बसलों. गेल्या तीन वर्षांत आम्हांला दोघांनाहि ती संवय लागली होती.